सिसिलीच्या अंगणात: द्राक्षवेलीची छाटणी आणि लिंबू-संत्र्याचं कलम

नाशिककडची द्राक्षबाग जवळून पाहिलेल्या माणसाने इटलीतल्या सिसिलीत, ग्रीसच्या क्रीटमध्ये किंवा स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाजवळ घर केलं, की त्याचा पहिला घोळ होतो तो वेळेचा. नाशिकला थंडी बेताची. वेल पुरती झोपतच नाही, म्हणून एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी अशी वर्षातून दोनदा कात्री चालते. भूमध्य समुद्राकाठी पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. वेलीची पानं हिवाळ्याच्या तोंडाशी गळून पडतात आणि वेल झोपते. छाटणी तेव्हाच, आणि एकदाच. शेजारच्या लिंबाचं नेमकं उलटं. ते बारमाही हिरवं, आणि त्याचं कलम करायचं ते आत रस खेळत असताना. ही दोन कामं एकाच दिवशी उरकायचा मोह टाळा.

वेलीची छाटणी

जानेवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंतचा काळ चांगला. दोन-तीन दिवस कोरडे जाणार असतील तेव्हाच कात्री काढा, कारण ओल्या हवेत बुरशी ताज्या जखमांतून खोडात शिरते आणि काही वर्षांनी अख्खे ओलांडे, म्हणजे वेलीच्या कायमच्या जाड फांद्या, वाळवते. उशिरा थंडीचा तडाखा बसणारी जागा असेल, तर शक्य तितकं उशिरा छाटा. उशिरा छाटलेली वेल काही दिवस उशिरा फुटते आणि कोवळे कोंब वाचतात. तेव्हा मुळं जागी झालेली असतात, त्यामुळे कापलेल्या टोकातून स्वच्छ पाण्यासारखे थेंब गळतात. पाहणाऱ्याचा जीव कासावीस होतो, पण वेलीचं त्याने काही बिघडत नाही.

आता काय कापायचं? द्राक्षाचा घड लागतो तो गेल्या वर्षीच्या काडीवर यंदा फुटणाऱ्या फुटव्यावर. गेल्या वर्षीची काडी गुळगुळीत, तपकिरी असते. जुन्या लाकडाची साल चिंध्यांसारखी सुटते. हा फरक एकदा डोळ्यांत बसला की पुढचं सोपं.

मांडवावर चढवलेल्या वेलीचे ओलांडे कायम ठेवतात. ओलांड्यावर दर वीतभर अंतरावर एक आखूड खुंटी असते आणि तिच्यावर गेल्या हंगामात वाढलेल्या बहुधा दोन काड्या दिसतात. वरची काडी खालच्या खुंटीच्या तुकड्यासकट काढून टाका. खालच्या, ओलांड्याजवळच्या काडीवर दोन डोळे, म्हणजे कळ्या फुटायच्या गाठी, ठेवा आणि वरच्या डोळ्यापासून दीड-दोन सेंटिमीटर जागा सोडून कापा. उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळणार नाही. नेहमी खालचीच काडी ठेवायची, नाहीतर खुंटी दर वर्षी लांबत जाते आणि फळ ओलांड्यापासून दूर पळतं. काम संपल्यावर गेल्या वर्षीच्या वाढीपैकी जेमतेम दहावा हिस्सा उरलेला दिसेल. घाबरू नका, इतकंच उरायला हवं. हात आखडून छाटलेली वेल घड पुष्कळ धरते, पण ते लहान आणि आंबट राहतात.

याला एक मोठा अपवाद सुलताना या बिनबियांच्या जातीचा. आपण तिलाच थॉमसन सीडलेस म्हणतो. तिचे बुडाजवळचे डोळे बहुतेक वांझ असतात. तिथे दोन डोळ्यांवर छाटलंत तर पानांचा मांडव मिळेल, द्राक्षं नाहीत. तिच्या निवडक काड्या आठ ते बारा डोळ्यांच्या ठेवून तारेला आडव्या बांधा. जात माहीत नसेल तर पहिल्या वर्षी काही काड्या लांब आणि काही आखूड ठेवा. घड कुठे लागतात ते वेलच दाखवील.

जमिनीजवळून फुटणारे कोंब मुळापासून उपटा. फायलोक्सेरा या मुळांचा रस शोषणाऱ्या किडीने एकोणिसाव्या शतकात युरोपभरच्या बागा खाल्ल्या, तेव्हापासून इथली बहुतेक वेल अमेरिकी खुंटावर, म्हणजे खालच्या मुळांच्या झाडावर, कलम केलेली असते. खालचा कोंब त्या खुंटाचा असतो.

लिंबू-संत्र्याचा डोळा भरणे

सिसिलीत पावसाळी थंडीत लिंबावर कात्री चालवू नका. फांद्या वाळवणारी एक बुरशी त्या दिवसांत जखमांतूनच शिरते. डोळा भरायला, म्हणजे एका झाडाचा डोळा दुसऱ्याच्या सालीत बसवून कलम करायला, एप्रिल-मे उत्तम, नाहीतर ऑगस्टअखेर ते सप्टेंबर. खुंटाची साल नखाने उचलून बघा. सहज सुटली तर वेळ आली.

खुंट कोणता, याचा विचार आधी करा. भूमध्य प्रदेशात कडू संत्र्याचा खुंट जुना आणि खोडातून डिंक गाळणाऱ्या डिंक्या रोगाला दाद न देणारा. पण त्याच्यावर गोड संत्रं बांधलं की ट्रिस्टेझा विषाणू झाड मारतो. 1957 नंतर व्हॅलेन्सियाकडे अशी लाखो झाडं गेली. लिंबाला कडू संत्रं चालतं. संत्र्यासाठी कॅरिझोसारखा, ट्रिस्टेझा सोसणारा खुंट घ्या. डोळकाडी, म्हणजे जिच्यावरून डोळा काढायचा ती काडी, प्रमाणित रोपवाटिकेतूनच आणा. नागपुरी संत्र्याची काडी सामानात घालून आणायचा विचारही करू नका. युरोपीय संघात लिंबूवर्गीय झाडांच्या काड्या बाहेरच्या देशांतून आणायला बंदी आहे. ग्रीनिंगसारखा रोग काडीतून येतो, हे लक्षात घेतलं तर ती बंदी रास्तच आहे.

चाकू एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्यात बुडवून, धुऊन पुसा. डोळकाडी गोल, पेन्सिलीएवढी हवी. पानं कापा, पण देठ ठेवा. पकडायला तोच उपयोगी. खुंटावर जमिनीपासून वीतभर वर इंग्रजी टी अक्षरासारखा काप घ्या. उभा काप तीन सेंटिमीटर, खोली फक्त सालीपुरती. काडीवरून डोळा दोन-अडीच सेंटिमीटर सालीसह एका ओढीत उतरवा. कापलेल्या बाजूला बोट लावू नका. सालीचे पदर उचलून डोळा आत सरकवा, तोंड वरच राहू द्या, आणि कलमपट्टी खालून वर घट्ट गुंडाळा.

दोन-तीन आठवड्यांनी पट्टी सोडा. डोळा हिरवा असेल आणि देठ बोटाच्या स्पर्शाने गळून पडला, तर कलम लागलं. देठ सुकून चिकटून राहिलं, तर खुंटाच्या दुसऱ्या बाजूला पुन्हा डोळा भरा. वसंतात भरलेला डोळा लागला की खुंटाचा शेंडा वाकवून बांधा, म्हणजे रस डोळ्याकडे वळतो. सप्टेंबरात भरलेला तसाच झोपू द्या आणि पुढच्या वसंतात खुंट डोळ्याच्या वर कापा. खुंटावरची फूट दिसली की त्याच दिवशी चिमटा. एकाच झाडावर लिंबू आणि संत्रं दोन्ही हवं असेल, तर लिंबाची फांदी दर वर्षी आवरती ठेवा, नाहीतर संत्र्याची फांदी मागे पडते.