जंगली भाताच्या पट्ट्याजवळ बोट नेताना

अमेरिकेतल्या मिनेसोटा-विस्कॉन्सिनच्या तळ्यांत जंगली भात, म्हणजे तिथल्या ओजिब्वे या मूळनिवासी लोकांचा 'मनोमिन', साधारण १५ ते ९० सेंटीमीटर पाण्यात उगवतो. मेअखेर ते जून सर्वांत नाजूक काळ: पाती फितीसारखी पाण्यावर लोळतात, मुळांनी गाळ जेमतेम धरलेला असतो. बोटीची लाट पाती वर ओढते आणि रोप मुळासकट सुटतं. म्हणून पट्ट्याला बाहेरून वळसा घाला, वेग आधीच उतरवा. नाक वर करून अर्धवट वेगात जाणारी बोट सर्वांत मोठी लाट काढते, ते टाळाच. आत शिरणं भागच असेल तर मोटर बंद करून वर उचला, जुन्याच वाटेने वल्ही मारत जा. पंख्यात पाती अडकली तर रिव्हर्स मारू नका, इंजिन बंद करून हाताने सोडवा. रोप वर्षायू आहे, म्हणजे दरवर्षी बियांतून नव्याने उगवतं. उपटलं की त्याचं पुढच्या हंगामाचं बीही गेलं.