रास्पबेरी पायसाठी व्हॉल्व्हचा डॅक

रास्पबेरी पाय या छोट्या संगणकासाठी डॅक, म्हणजे डिजिटल आवाजाचा अॅनालॉग सिग्नल करणारं सर्किट, बनवायचं तर माझा सल्ला साधा आहे: डिजिटलचं काम चिपकडे द्या, व्हॉल्व्ह (काचेची इलेक्ट्रॉनिक नळी) फक्त शेवटच्या बफरला, म्हणजे सिग्नल न वाढवता पुढे देणाऱ्या टप्प्याला, ठेवा. पीसीएम5102ए चिपचा तयार बोर्ड घ्या. तो पूर्ण पातळीला 2.1 व्होल्ट देतो, त्यामुळे आणखी गेन (सिग्नल वाढवणं) लागतच नाही. पायच्या जीपीआयओ (जोडणीच्या पिना) 18, 19 आणि 21 वरून अनुक्रमे बिट क्लॉक, लेफ्ट-राइट क्लॉक आणि डेटा जोडा. बोर्डाची एससीके पिन ग्राउंडला, आणि कॉन्फिग फाइलमध्ये 'हायफायबेरी-डॅक' ओव्हरले (पायला हा बोर्ड चालवायला सांगणारी सेटिंग).

पुढे ईसीसी82 हा व्हॉल्व्ह, कॅथोड फॉलोअर म्हणून, म्हणजे सिग्नल ग्रिडला द्यायचा आणि कॅथोडवरून घ्यायचा. एका काचेत दोन ट्रायोड, म्हणजे दोन्ही चॅनेल एकातच. एचटी (व्हॉल्व्हचा उच्च दाबाचा डीसी पुरवठा) 180 व्होल्ट. ग्रिडला दोन सारख्या रोधकांनी निम्मं व्होल्टेज द्या, कॅथोडला 22 किलोओहम. बोर्ड आणि ग्रिडमध्ये 0.1 मायक्रोफॅरडचा 400 व्होल्टचा फिल्म कपॅसिटर हवाच. आउटपुटला तसाच 2.2 मायक्रोफॅरडचा; त्यापुढे ग्राउंडला एक मेगओहम. फिलामेंट 12.6 व्होल्ट डीसीवर चालवा, गुणगुण खूप कमी होते.

आता जिवाचं. एचटीच्या कपॅसिटरवर 220 किलोओहमचा ब्लीडर (साठलेला चार्ज रिकामा करणारा रोधक) कायमचा जोडा. स्विच बंद केल्यावरही मीटरने मोजल्याशिवाय आत हात घालू नका.

सुरू करताना कॅथोड 90 व्होल्टच्या थोडा वर चढतो आणि तो धक्का आउटपुट कपॅसिटरमधून थेट अॅम्प्लिफायरला जातो. म्हणून आउटपुट अर्धा मिनिट ग्राउंडला धरणारा रिले मी प्रत्येक डॅकमध्ये लावतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तो सहज मिळतो.