दिवाडी बेटावर दोन दिवस निवांत कसे घालवावेत

गोवा म्हटले की आपल्याला किनारा आठवतो आणि किनारा म्हटला की शनिवार-रविवारची गर्दी. दोन दिवस खरोखर स्वस्थ बसायचे असेल तर समुद्राकडे पाठ फिरवा आणि मांडवी नदीतून थोडे वर जा. पणजीपासून दहाएक किलोमीटरवर जुने गोवे आहे आणि त्याच्या समोर, नदीच्या पलीकडच्या अंगाला, दिवाडी बेट. बेटावर जायला पूल नाही, फेरीबोटीशिवाय दुसरी वाट नाही. दिवाडीची शांतता टिकली आहे ती याच एका कारणाने, असे मला वाटते. म्हणून सहल आखतानाही फेरीबोटीच्या चालीने आखायची. घाई केली की दिवाडीत बघण्यासारखे काहीच उरत नाही.

आधी काळ ठरवा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सगळ्यात सोपा काळ. हवा कोरडी असते, सकाळी गारवा असतो आणि पाणथळ शेतांत स्थलांतरित पक्षी उतरलेले असतात. पण मला विचाराल तर जुलै-ऑगस्टमधली दिवाडी वेगळीच. भाताची खाचरे हिरवीगार होतात, बांधापर्यंत पाणी चढते आणि घरांच्या कौलांवर शेवाळ धरते. मात्र पावसाळ्यात छत्रीच्या भरवशावर राहू नका, रेनकोट घ्या. नदीला जोर असला की फेरीला खोळंबा होऊ शकतो, तेवढी सवड मनात धरून निघा.

एक तारीख मात्र मुद्दाम बघून घ्या. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी बेटावर बोंदेरा असतो. पूर्वी इथल्या वाड्यांमध्ये शेतांच्या हद्दीवरून भांडणे होत. पोर्तुगीज सरकारने हद्दीवर निशाणे रोवली, तर लोकांनी तीच उपटून टाकली. त्या भांडणाची आठवण म्हणून आता निशाणे मिरवतात आणि बांबूच्या फोटाशीतून, म्हणजे खेळण्यातल्या बंदुकीतून, एकमेकांवर फळांचा मारा करतात. हा सोहळा पाहायला जरूर जा, पण निवांतपणासाठी तो शनिवार टाळा. त्या दिवशी सगळा गोवा फेरीच्या रांगेत उभा असतो.

पोहोचायचे कसे

मुंबईहून रात्रीची कोकणकन्या पकडा आणि मडगावला न जाता करमळीला उतरा. जुने गोवे तिथून अगदी जवळ आहे, रिक्षा किंवा टॅक्सी मिळते. स्टेशनला लागूनच करमळीचे तळे आहे. हिवाळ्यात आलात तर सामान खांद्यावर असले तरी पाच मिनिटे तिथे थांबाच, पाण्यावर बदकांचे थवे असतात.

जुन्या गोव्यात बॉम जेझूचे बॅसिलिका आणि से कॅथेड्रल रस्त्याच्या दोन बाजूंना समोरासमोर आहेत. तिथली मंदिरे-चर्चे पाहण्याचा बेत असेल तर तो परतीच्या दिवसासाठी ठेवा. सध्या सरळ नदीच्या दिशेने चाला. वाटेत जांभ्या दगडाची व्हाइसरॉयची कमान लागते. वास्को द गामाच्या पणतूने, तो इथे व्हाइसरॉय असताना, पणजोबांच्या स्मरणार्थ ती उभारली. लिस्बनहून येणारा प्रत्येक नवा व्हाइसरॉय नदीतून उतरून याच कमानीखालून शहरात शिरत असे. तुम्ही उलट्या दिशेने जायचे. कमान ओलांडली की समोर धक्का.

फेरीबोट नदी परिवहन खात्याची आहे आणि पायी जाणाऱ्याला तिकीट लागत नाही. वाहन असेल तर सुटे पैसे जवळ असू द्या. नदी ओलांडायला काही मिनिटेच लागतात. बोट धक्क्याला लागली की आधी तिच्यातली माणसे आणि दुचाक्या बाहेर येऊ द्या, मग चढा. रात्रीची शेवटची फेरी किती वाजता, हे बोटीवरच्या माणसाला उतरतानाच विचारून ठेवा. हंगामाप्रमाणे वेळा बदलतात आणि जुनी माहिती मोबाईलवर तशीच राहून जाते.

चारचाकी शक्यतो अलीकडेच ठेवा. बेटावरचे रस्ते अरुंद आहेत आणि अंतरे सायकलची आहेत. उतरण्याची सोय करताना सायकल मिळेल का ते विचारा, बऱ्याच ठिकाणी देतात. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या. खासगी पाटीची गाडी स्वस्त मिळते, पण पोलिसांनी अडवले की दोन दिवसांचा विरस होतो.

राहायचे कुठे

बेटावर मोठी हॉटेले नाहीत. जुन्या घरांतल्या खोल्या आणि मोजकी छोटी निवासस्थाने आहेत, म्हणून खोली आधी ठरवल्याशिवाय जाऊ नका. पियेदाद हे मुख्य गाव. दुकाने आणि खाण्याच्या जागा तिथेच आहेत, त्यामुळे पहिल्यांदा जाणाऱ्याने तिथेच राहावे. अधिक एकांत हवा असेल तर सां मातियासकडे विचारा. खोली ठरवताना दोन प्रश्न नक्की विचारा : मच्छरदाणी आहे का, आणि रात्रीचे जेवण मिळेल का. नदी आणि कांदळवन जवळ असल्याने संध्याकाळी डास येतातच. जेवणाची व्यवस्था सांगून ठेवली नसेल तर रात्री उशिरा पलीकडे जाऊन खाण्याचा पर्याय तुमच्यापाशी नसेल. रोख पैसे आणि रोजची औषधे पणजीहूनच घेऊन या.

शनिवारची दुपार मोकळी ठेवा

पोहोचल्या दिवशी काहीही ठरवू नका. जेवा, बाल्कांवात बसा. दाराशी दोन बाजूंना दगडी बाक असलेला हा ओटा जुन्या गोमंतकीय घराची खरी बैठकीची जागा. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसते, दुकानेही बंद असतात. हीच वेळ झोपायची. ऊन उतरले की पियेदादच्या टेकडीवर चढा. वर नोसा सेन्योरा द पियेदादचे पांढरे चर्च आहे आणि तिथून मांडवी, पलीकडची जुन्या गोव्याची शिखरे आणि खाली पसरलेली शेते एका नजरेत येतात. चर्चशेजारच्या दफनभूमीत एक लहानसे प्रार्थनाघर आहे. त्याचे छत कदंब राजांच्या काळातल्या देवळाचे आहे, दगडात कोरलेले. दार उघडे असेल तर मान वर करून ते नीट पाहा. कोणी प्रार्थनेला किंवा थडग्याशी आलेले असेल तर मात्र बाहेरच थांबा, फोटो काढू नका.

रविवारची पहाट खाजनासाठी

दिवाडीचे सगळ्यात मोलाचे काय, असे विचाराल तर मी खाजन जमिनी सांगेन. भरतीचे खारे पाणी येणाऱ्या सखल जमिनीभोवती माती आणि दगडांचे बांध घालून गावकऱ्यांनी शतकानुशतके त्यात भात पिकवला. यातले मर्म आहे मानशीत. बांधात एक दरवाजा असतो, त्याला लाकडी फळ्या. भरती चढू लागली की बाहेरचे पाणीच त्या फळ्या दाबून बंद करते आणि खारे पाणी शेतात शिरत नाही. ओहोटी लागली की आतले पाणी त्याच फळ्या ढकलून नदीत जाते. सारे काम नदीची ओढ करते. ओहोटीच्या वेळी मानशीच्या तोंडाशी जाळे लावून मासे, कोळंबी पकडतात. पावसाळ्यात या जमिनीत कोरगुटसारखी खारे पाणी सोसणारी भाताची वाणे होतात.

उजाडायच्या आधी सायकल काढा. बांधाच्या वाटेवर ओल असते, साध्या चपला घसरतात, म्हणून पकड असलेले बूट घाला. ओहोटीची वेळ साधली तर मानशीपाशी उभे राहून पाण्याचा खळखळाट ऐका आणि फळ्या कशा हळूहळू सुटतात ते बघा. बगळे आणि खंड्या तर दिसतीलच, वर ब्राह्मणी घारही फिरत असेल. शेत कोणाचे तरी असते हे ध्यानात ठेवा : बांध सोडून आत उतरू नका, मानशीला आणि जाळ्याला हात लावू नका. नदीत पोहायलाही उतरू नका. काठाला चिखल खोल आहे, ओढ फसवी आहे आणि जवळच्या कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत.

परतताना पोदेराच्या हॉर्नकडे कान ठेवा. सायकलच्या मागे टोपली लावून तो सकाळी पाव विकत फिरतो. पोळी मागा, म्हणजे कोंडा लावलेला, आतून पोकळ, चपटा पाव. गरम असतानाच अंड्याबरोबर किंवा नुसत्या लोण्याबरोबर खा. दुपारी शीत-कडी, तळलेली मासळी आणि सोलकढी. मार्च ते मेमध्ये गेलात आणि घेत असाल, तर काजूचा हुर्राक मिळतो, पण तो घेऊन सायकलवर बसू नका.

निघण्यापूर्वी नार्वे

रविवारी वेळ उरला तर बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याला जा. मराठी वाचकाने हे ठिकाण चुकवू नये. कदंबांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर मूळचे इथले. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी देऊळ पाडले आणि भाविकांनी लिंग नदीपलीकडे डिचोली महालात नेऊन पुन्हा स्थापले. त्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये करवला, तसा शिलालेख देवळावर आहे. बेटावर आता कोटितीर्थाचे जुने तळे आणि काही अवशेष दिसतात. ते पाहून नार्व्याच्या धक्क्यावरून फेरीने पलीकडे जा. पलीकडच्या गावाचे नावही नार्वेच. धक्क्यापासून देऊळ थोड्या अंतरावर आहे. उतरते छप्पर, मध्ये घुमट, पुढे दीपमाळ. एकाच दिवशी आधी मूळ जागा आणि मग नवे ठिकाण पाहिले की मधली नदी किती लहान आणि तरी किती मोठी होती, ते कळते.

परतीची गाडी करमळीहून असेल तर नार्व्याहून पुन्हा बेट ओलांडून जुन्या गोव्याच्या धक्क्यावर या. गाडीच्या वेळेआधी दोन-अडीच तास हातात ठेवा, कारण रविवारी संध्याकाळी फेरीला दुचाक्यांची रांग लागते आणि एखादी बोट सोडावी लागू शकते. स्वतःची गाडी डिचोलीकडे ठेवली असेल तर बेटावर परत यायची गरज नाही. नार्व्याहूनच साखळीमार्गे घाटाचा रस्ता धरता येतो.