पुढचं बंपर रोज घासायचं, शेवटी काय केलं (माझा अनुभव)

इलेक्ट्रिक गाडी चालवायला मस्त, पण पुढचं बंपर म्हणजे जमिनीला टेकलेलंच. खानापूर रोडचे ब्रेकर सोडाच, वडगावात आमच्या घरासमोर गटारीवरच्या फरशीलाच रोज खर्रकन.

वाकून बघितलं तर बॅटरीला काही नाही, बंपरखालचं प्लास्टिक कव्हर दोन क्लिपा तुटून लोंबत होतं. गॅरेजवाल्या मामांनी नवीन क्लिपा मारल्या, स्पेसर घालून गाडी उचलूया म्हणाले, मी नको म्हटलं, वॉरंटीचं लफडं कोण निस्तरणार.

खरा फरक चालवण्यात पडला. ब्रेकरवर चढतानाच ब्रेक दाबला की नाक खाली जातं, आणि रीजन (ॲक्सिलरेटर सोडला की मोटरच गाडी स्लो करून बॅटरी चार्ज करते ते) जोरात ठेवून ॲक्सिलरेटर एकदम सोडला तरी तेच होतंय, म्हणून आता आधीच स्लो करतो, चढताना ब्रेक सोडून देतो आणि जागा असेल तर तिरकी घेतो, एक चाक आधी. टायरची हवा पण कमी होती, लाज वाटली.

फरशीपुढं गवंड्याकडून सिमेंटचा लांब उतार करून घेतला. बाबा म्हणाले, "गाडी सोडून रस्ताच बदलालास की!"

चोर्ला घाटात पावसाळ्यात मात्र ही गाडी नेत नाही, पाणी साचलं की खड्डा केवढा ते कळत नाही.