स्वप्नासारखी कथा कशी लिहावी: आधी नंदी बघून या

अद्भुत, स्वप्नवत कथा लिहायला बसलं की पहिल्याच ओळीत धुकं उतरतं आणि पाठोपाठ 'गूढ', 'अनामिक', 'धूसर' ही मंडळी येतात. त्यांना आल्या पावली परत पाठवा. मराठवाड्यात अशा गोष्टी भर उन्हात, पारावर बसून सांगतात. औंढा नागनाथाला नामदेवांना कीर्तनासाठी देवळामागं पिटाळलं, तर देऊळच त्यांच्याकडं फिरलं, आणि दारासमोरचा नंदी जागेवरच राहून मागं पडला. सांगणारा इथं आवाज खाली आणत नाही. उलट म्हणतो, 'बघा की, नंदी अजून मागंच हाय.'

तो नंदी महत्त्वाचा. पण आधी बीज शोधू.

बीज खऱ्या घटनेतून घ्या. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या गाडीत पाच लाख लिटर. ही बातमी होती, तरी ऐकताना कहाणीच वाटते. आता स्वतःला विचारा: पाण्याबरोबर आणखी काय आलं असेल? समजा, ते पाणी प्यायलेल्याला मिरजेतल्या कुणाचं तरी स्वप्न पडतं. झालं. एका कथेला एवढं वेड पुरे. त्यातच बोलणारं मांजर आणि उलटं चालणारं घड्याळ कोंबलं, की वाचक कशावरच विश्वास ठेवत नाही.

नियम ठरवा आणि पाळा. पाणी उकळलं तर स्वप्न जातं का? एका घागरीतून चौघं प्यायले तर चौघांना एकच स्वप्न पडतं की वाटून तुकडे येतात? उत्तरं वहीत लिहा. कथेत सगळी सांगायची गरज नाही. माझ्या मते चांगला नियम तोच, ज्यात कुणाचं तरी नुकसान होतं. लातुरात स्वप्न आलं म्हणजे मिरजेत कुणाचं तरी गेलं. तो माणूस तिकडं रात्रभर टक्क जागा.

मग पंचनामा करा. इथं सगळ्यात जास्त वेळ घाला. लातूरच्या गोलाई बाजारपेठेजवळच्या गल्लीत राहणारी एक बाई घ्या. मिरज तंतुवाद्यांची, तेव्हा तिला रोज रात्री स्वप्नात तंबोरा बनवायचं काम. भोपळा घासायचा, तारा चढवायच्या. नुसतं 'तिला विचित्र स्वप्न पडलं' म्हणू नका. असं लिहा: 'सकाळी भाकरी थापताना तिच्या बोटांवर तारेचे वळ होते. सासूनं विचारलं, काय झालं गं? ती म्हणाली, उगी, पोहऱ्याचा दोर लागला. सासू म्हणाली, आपल्या आडाला पाणी हाय कुठं?'

हे वळ म्हणजे आपला नंदी. स्वप्न संपल्यावरही उजेडात उरलेली, हाताला लागणारी एक खूण हवीच.

आता भोवतालची माणसं आणा. ती थक्क होणार नाहीत, आपापलं बघतील. कुणी नगरसेवकाकडं अर्ज देईल, 'आमच्या गल्लीला स्वप्नं कमी दाबानं येतात.' नवरा विचारेल, स्वप्नातल्या कामाची मजुरी कोण देणार? पात्रांनी नवल करत बसू नये. ते वाचकावर सोडा.

बोलीचं थोडक्यात: निवेदन साधं ठेवा, बोली संवादात येऊ द्या. प्रत्येक वाक्यात 'लई' घातल्यानं गाव उभं राहत नाही.

शेवट. 'आणि तिला जाग आली' हा शेवट बाद. 'पाणी म्हणजे खरं तर विस्थापन' असा खुलासाही नको. कथा अशा जागी थांबवा जिथं पात्राला काहीतरी करावं लागतं. आपल्या बाईचा तंबोरा पुरा होत आलाय, एकच तार राहिलीय, आणि उद्यापासून गाडी बंद होणार असं स्टेशनवर कळलंय. घरात शेवटची अर्धी घागर आहे, तिकडं एक माणूस कधीचा जागा आहे, आणि सासूला तहान लागलीय. घागर कुणाकडं जाते ते एका वाक्यात लिहा आणि पेन खाली ठेवा.