फ्रिज धुऊनही वास येतोय? या चुका टाळा

दिवाळीची साफसफाई निघाली की फ्रिजचाही नंबर लागतो. सगळं बाहेर काढायचं, ट्रे घासायचे, आतून लख्ख पुसायचं, आणि आठ दिवसांत दार उघडलं की पुन्हा तोच वास! बहुतेक वेळा याचं कारण असं की आपण डोळ्यांना दिसणारे कप्पे धुतो आणि वास येत असतो भलतीकडून. म्हणून साबणाला हात लावण्याआधी तो कुठून येतोय ते शोधा. दाराच्या रबराच्या घड्या, भाजीच्या ट्रेखालची जागा, दुधाच्या पिशव्या ठेवायचा कोपरा आणि सायीचं भांडं इथे आधी बघा.

सायीकडे तर खास लक्ष द्या. घरी तूप कढवणाऱ्यांकडे साय आठवडाभर साठते, आणि पातेल्यावर नुसती ताटली ठेवून भागवलं जातं. स्निग्ध पदार्थ आजूबाजूचा वास फार लवकर धरतात. शेजारी अर्धा चिरलेला कांदा किंवा रात्रीचं माशाचं कालवण असेल तर तो वास लोण्यात उतरतो, आणि मेहनतीने कढवलेल्या तुपातही राहतो. साय घट्ट झाकणाच्या डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवा आणि विरजण लावायच्या दिवशी बाहेर काढून नरम होऊ द्या. वासावर उपाय म्हणून अर्धं लिंबू ठेवायची पद्धत आहे, पण काही दिवसांनी त्या लिंबालाच बुरशी येते. वाटीत खाण्याचा सोडा ठेवलेला बरा. अर्थात सांडलेलं दूध तसंच असेल तर सोडा तरी किती पुरणार? दुधाची पिशवी आत ठेवण्याआधी धुऊन, पुसून घ्या.

धुताना होणाऱ्या चुका

फिनाइल किंवा ब्लीच आत वापरू नका, त्यांचा वास प्लास्टिकमध्ये बसतो. एक लिटर कोमट पाण्यात 2 मोठे चमचे खाण्याचा सोडा पुरेसा आहे. प्लग काढूनच काम सुरू करा. काचेचे कप्पे बाहेर काढले की लगेच गरम पाण्याखाली धरू नका, तडा जातो.

सिंगल डोअर फ्रिजमधला बर्फ सुरीने किंवा उलथन्याने खरवडणं ही सगळ्यात महाग पडणारी चूक. या फ्रिजमध्ये फ्रीझरच्या भिंतीतूनच गॅसच्या नळ्या गेलेल्या असतात. सुरीचं टोक लागून बारीक छिद्र पडलं तरी गॅस निघून जातो, फ्रिज गार होणं बंद होतं आणि दुरुस्तीचा खर्च ऐकून नवा घ्यावासा वाटतो. बर्फाचा थर साधारण अर्धा सेंटीमीटर झाला की डीफ्रॉस्टचं बटण दाबा आणि धीर धरा. घाई असेल तर प्लग काढून आत गरम पाण्याचं पातेलं ठेवा, बर्फ आपोआप सुटून येतो. पावसाळ्यात हवेत दमटपणा जास्त, त्यामुळे बर्फही लवकर साठतो. तेव्हा दार उघडं ठेवून विचार करत उभं राहायचं टाळा.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये भाजीच्या ट्रेखाली वारंवार पाणी साचत असेल तर नुसतं पुसून उपयोग नाही. मागच्या भिंतीच्या तळाशी पाणी वाहून जायचं भोक असतं. त्यात कोथिंबिरीचं पान किंवा कचरा अडकतो. सुई नसलेल्या सिरिंजने त्यात कोमट पाणी सोडा, मार्ग मोकळा होतो. हे भोक दिसत नसेल किंवा पाणी तरीही उतरत नसेल तर मेकॅनिकला बोलवा. तार घालू नका.

हे पाणी जाऊन पडतं ते फ्रिजच्या मागे, कॉम्प्रेसरजवळच्या ट्रेमध्ये, आणि तो वर्षानुवर्षं कुणी बघत नाही. डेंग्यूचा डास अशाच साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे दर आठवड्याला हा ट्रे रिकामा करून कोरडा पुसला तर ती साखळी तुटते. घरात लहान मूल असेल तर हे काम मुळीच टाळू नका.

कुठे काय ठेवायचं

दार ही फ्रिजमधली सगळ्यात कमी थंड जागा. तिथे लोणचं, सॉस, पाण्याच्या बाटल्या ठीक. दूध आतल्या कप्प्यात ठेवा. कच्चे मासे आणि चिकन बंद डब्यात, सगळ्यात खाली, म्हणजे त्यांचं पाणी शिजवलेल्या अन्नावर ठिबकणार नाही.

कोथिंबीर आणि मेथी धुऊन ठेवू नका. निवडून, कोरड्या कागदात किंवा सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवली की कितीतरी जास्त टिकते. सफरचंद आणि पिकलेला आंबा पालेभाजीजवळ नकोत, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात. कांदे-बटाटे बाहेरच, तेही वेगवेगळ्या टोपल्यांत. बाजरीचं पीठ मात्र जरूर आत ठेवा, ते बाहेर लवकर कडू होतं.

गरम भात किंवा आमटी पूर्ण गार होईपर्यंत रात्रभर ओट्यावर ठेवणं धोक्याचं आहे. भातात वाढणारे काही जिवाणू असं विष तयार करतात जे पुन्हा गरम करूनही जात नाही. पसरट भांड्यात काढा, वाफ जाऊ द्या आणि दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. आतलं तापमान 5 अंशांच्या खाली हवं. बऱ्याच सिंगल डोअर फ्रिजमध्ये गोल बटणावरचा मोठा आकडा म्हणजे जास्त थंड, काहीजण उलटं समजतात. उन्हाळ्यात आकडा वाढवावा लागतो.

डबे इतके खच्चून भरू नका की हवा फिरणार नाही. डब्यावर कागदी टेप लावून तारीख लिहा आणि एक ट्रे फक्त 'आधी संपवायचं' म्हणून डोळ्यांसमोर ठेवा. तो घरातल्या सगळ्यांना माहीत हवा, नाहीतर उरलेली उसळ मागे सरकत जाते आणि थेट फेकायच्या वेळीच सापडते.

आणि एवढं करूनही गारवा कमी वाटत असेल, तर दाराच्या रबरात एक नोट धरून दार लावा आणि नोट ओढून बघा. सहज निघाली तर तिथून गार हवा बाहेर जातेय. जुन्या टूथब्रशने साबणाच्या कोमट पाण्यात रबराच्या घड्या साफ करा, कोरड्या पुसा आणि पुन्हा नोट लावून बघा. बऱ्याचदा तेवढ्यानेच दार घट्ट बसतं. रबर कडक झालं असेल किंवा फाटलं असेल तर मॉडेल नंबर सांगून फक्त रबर बदलून मिळतं.