जुना कन्सोल फ्लॉप होता का, हे कसं ठरवायचं? (सेगा ड्रीमकास्ट)

आधी धंदा आणि मशीन वेगळं करा. धंद्याचं बघाल तर ड्रीमकास्ट हा सेगा कंपनीचा गेम कन्सोल (टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीन) १९९८ ला जपानमध्ये आला, २००१ मध्ये बंद पडला, साधारण ९१ लाख विकले गेले आणि सेगाने कन्सोल बनवणंच सोडलं, त्यामुळे इथे तो आपटलाच. आता मशीन बघा आणि इथे अजिबात घाई करू नका, कारण इंटरनेटसाठी मोडेम आतच बसवलेला, वर मेमरी कार्डला स्वतःचा छोटा स्क्रीन, कंट्रोलरच्या खिडकीतून दिसायचा आणि काढून घेतला की त्यावर वेगळे छोटे गेमसुद्धा चालायचे, खरंच भारी! म्हणून मी तरी ड्रीमकास्टला फ्लॉप म्हणत नाही. धंदा का आपटला हे बघताना सेगाच्याच आधीच्या सॅटर्न कन्सोलचा तोटा आणि २००० मध्ये आलेला सोनीचा प्रतिस्पर्धी कन्सोल प्लेस्टेशन २ पण हिशोबात धरा. आणि जमलं तर ड्रीमकास्टवरचा सोलकॅलिबर हा फायटिंग गेम एकदा खेळून मगच मत बनवा.